आईचं गुंतवळ

१

लीयुनला रोज पहाटे तिची मान उठवायची. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते आपलं नावाला. केसांच्या भाराने मानेत कळ आली की उजाडलं असं समजायचं, अंगावर जाकीट ओढायचं आणि मधल्या खोलीतल्या आगटीपाशी जाऊन बसायचं. गेली तीस वर्षं ती हेच करत आली होती आणि अलीकडे तिला त्याचा अगदी वीट आला होता.

आगटीच्या उबेला एक मडकं ठेवलेलं असे. त्यात तांदळाचं धुवण आंबत असायचं, पपनसाच्या साली, आल्याचे तुकडे आणि चहाच्या बियांची पेंड घालून उकळलेलं. हे धुवण कधी पुरतं संपवायचं नाही. तळाशी वाटीभर ठेवायचं आणि त्यावर नवं ओतायचं, विरजण राखतात तसं. त्याचा वास इतका उग्र की नव्या माणसाने नाकच धरावं. केस पुढे घ्यायचे, धुवण ओतायचं, चोळायचं, पुन्हा ओतायचं, मग लाकडी फणीने विंचरायचं आणि फणीत आलेलं गुंतवळ कापडाच्या पिशवीत टाकायचं. केस फेकायचा नाही, जाळायचा तर मुळीच नाही.

भातशेतांच्या पायऱ्यांखाली वसलेल्या या याओ लोकांच्या गावात ऐंशीच्या म्हातारीचे केसही काळेभोर असत. लांबलांबून माणसं ते बघायला येत. बाईने आयुष्यात एकदाच केस कापायचे, अठराव्या वर्षी. त्यानंतर तिचे पेड तीन. एक डोक्यावर वाढणारा, दुसरा अठराव्या वर्षी कापलेला, आणि तिसरा रोजच्या गुंतवळाचा, जन्मभर साठवून गुंफलेला. तिन्ही मिळून कपाळावर अंबाडा घालायचा. आणि बाई गेली की तिन्ही पेड तिच्याबरोबर जायचे.

लीयुनला मात्र एकेचाळिसाव्या वर्षीच पांढरे आले. पहिला दिसला तेव्हा तिला वाटलं, राख उडाली असेल. राख नव्हती. पुढच्या सहा वर्षांत भांगात, कानांमागे, कपाळावर सगळीकडे ते फुटत गेले. तिने काय करायचं ठेवलं होतं? डोंगरातून हो-शौ-वूचं मूळ खणून आणलं, काळ्या सोयाबीनबरोबर नऊ वेळा वाफवलं, नऊ वेळा वाळवलं आणि त्याचा काढा नाक दाबून प्यायली. काळे तीळ आणि अक्रोड कुटून दोन्ही वेळा खाल्ले. आल्याच्या चकतीने टाळू लाल होईपर्यंत चोळली. चहाच्या बियांचं तेल जिरवलं. टाळू तेवढी झकास झाली, कोंडा औषधालाही उरला नाही. केस पांढरे ते पांढरेच.

पाचव्या महिन्याच्या मध्यावर एका सकाळी तिने नेहमीसारखी फणी उजेडात धरली. दातांत सात-आठ केस अडकले होते. सगळे काळे.

तिने त्यातला एक ओढून सरळ केला. एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि दुसरं हातात धरून उभी राहिली. केस तिच्या खांद्यापर्यंत आला. तिचे स्वतःचे केस कमरेच्या जेमतेम खाली पोचत.

"काय बघतेस?" तिच्या नवऱ्याने विचारलं. रुंगफा विळ्याला धार लावत बसला होता.

"काही नाही. केस."

"या घरात दुसरं असतं काय बघायला," तो म्हणाला. तो घरजावई होता. इथे निम्मे पुरुष घरजावईच, त्यामुळे त्यात कमीपणा नव्हता, पण तीन बायकांच्या केसांत वीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं बोलायची मुभा होती. आता बायका दोनच उरल्या होत्या. लीयुनची आई मागच्या हिवाळ्यात गेली होती.

लीयुनने केस पिशवीत टाकले आणि दिवस मोजले. सहाव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी तिच्या लेकीचे, श्याओमानचे केस कापायचे होते. वीस दिवस राहिले होते.

२

गावातल्या बायका दिवसातून दोनदा पाहुण्यांसमोर गाणी म्हणत आणि अंबाडे सोडून दाखवत. या ताफ्याची म्होरकी हुइझन मावशी. लीयुनच्या आईची मैत्रीण, सत्तरीची, आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरच्या म्हशीने वळून बघावं. तिने लीयुनला पहिल्या रांगेतून तिसऱ्या रांगेत कधीच ढकललं होतं, आणि पावसाळ्यानंतर स्वयंपाकघरात पाहुण्यांचा तेलचहा, तेलात पानं परतून उकळलेला, करायला बसवायचं तिच्या मनात होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी मावशीने तिला दारातच धरलं. "इकडे ये गं जरा. उजेडात ये." तिने बोटांनी लीयुनचा भांग फाकवला. "अगं बया. मुळापासून काळे येतायत की तुझे."

"मूळ खातेय ना मी. हो-शौ-वू."

"ते तर तू सहा वर्षं खातेयस. काढ्याने तोंड कडू झालं तेवढंच."

"नऊच्या ऐवजी बारा वेळा वाफवलं या खेपेला," लीयुन म्हणाली. हे खोटं होतं.

बाकीच्या जमल्या. कोणी म्हणाली, पपनस कुठल्या झाडाचं घेतेस? कोणी म्हणाली, नवऱ्याने नवं तेल आणलं असेल, पुरुष उगाच का एवढे गप्प असतात. सगळ्या हसल्या. मावशीने लीयुनला पहिल्या रांगेत उभं केलं. सहा वर्षं तिने याचीच वाट बघितली होती, आणि आता तिला फक्त कुठेतरी टेकावंसं वाटत होतं.

कारण तिला दुसरं काहीतरी आठवत होतं. ते ती सहसा आठवू देत नसे.

आई गेली तेव्हा रिवाजाप्रमाणे तिचा शेवटचा अंबाडा लेकीने घालायचा होता, दार लावून, एकटीने. आईचं गुंतवळ साठ वर्षांचं होतं. मनगटाएवढा जाड पेड, टाचांपर्यंत लांब, त्यात एकही करडा केस नाही. लीयुनने तो हातात घेतला आणि तिच्या मनात आलं, हा मातीत घालायचा आणि मी करड्या केसांनी तिसऱ्या रांगेत उभं राहायचं. तिने तो तांदळाच्या पेटीत लपवला. पण अंबाडा लहान दिसला असता आणि मावशीच्या नजरेतून सुटला नसता. म्हणून तिने स्वतःचं गुंतवळ आणलं. तीस वर्षांचं, वरचा सहा वर्षांचा थर करडा. करडा थर आत दाबून तिने ते आईच्या अंबाड्यात घातलं, वर आईचेच काळे केस गुंडाळले आणि दार उघडलं.

मावशी म्हणाली होती, "छान घातलास. जशी होती तशी दिसते."

तेव्हापासून आईचं गुंतवळ लीयुनच्या डोक्यावर होतं. त्याने तिचे पांढरे झाकले जात. आपण चोरी केली हे तिला पक्कं माहीत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. पण लाज रोज वाटून घेता येत नाही. माणूस दमतं.

३

पुढच्या दिवसांत केस काळे होत गेले. बोटभर, मग दोन बोटं. लीयुन स्वतःला समजावायची, सहा वर्षांचा काढा आता लागू पडला असेल. शरीर आहे, त्याला वेळ लागतो. लांब केसांचंही उत्तर तिच्याकडे होतं. आईच्या पेडातले सुटे केस फणीत येत असणार. त्यात नवल काय?

पण ज्यांना उत्तर नव्हतं अशाही गोष्टी होत्या.

मडक्यातलं धुवण कमी होत होतं. ती चार पळ्या घ्यायची आणि आठ पळ्या कमी झालेलं असायचं. मडक्याला तडा असेल म्हणून तिने ते उचलून खाली कोरडं फडकं अंथरलं. फडकं कोरडंच राहिलं. सकाळी ती फणीला हात लावायची तेव्हा फणी ओली असायची. आणि तिचे केस. रात्रभर उशीवर घुसळलेल्या केसांचा सकाळी गुंता असतो, तीस वर्षं असायचा. आता ती उठायची तेव्हा केस सरळ, सुटसुटीत, पाठीवर नीट पसरलेले असत. विंचरायला काही उरलेलंच नसायचं.

"तू हल्ली दोनदा धुतेस का गं?" रुंगफाने एकदा जेवताना विचारलं.

"दोनदा कशाला धुवीन?"

"पहाटे आवाज येतो. पाणी ओतल्याचा. मग फणीचा." त्याने भाताचा घास घेतला. "मग थोड्या वेळाने तू उठतेस आणि पुन्हा तेच."

"मी तुझ्या शेजारी असते ना पहाटे?"

हा विचार त्याने केला नव्हता असं दिसलं. "असतेस," तो म्हणाला. "मग शेजारच्यांकडून येत असेल. लाकडाची घरं, आवाज कुठून कुठे जातो."

शेजारचं घर चाळीस पावलांवर होतं. पण दोघांनीही ते काढलं नाही. रुंगफाने वाडगं पुढे केलं आणि तिने त्यात भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी लीयुन मानेच्या कळेआधीच जागी झाली. डोळे उघडले नाहीत. खिडकीतून पहिला करडा उजेड पापण्यांवर आलेला कळत होता. तिची उशी ओली होती, आणि तिच्या डोक्यावरून फणी फिरत होती. टाळूपासून टोकापर्यंत, सावकाश. टोकाशी एक बारीक झटका. मग पुन्हा टाळूपासून. तिला भीती वाटली, पण भीतीच्या आधी दुसरंच वाटलं. लहानपणी आपल्याला असंच विंचरत असत. तिने डोळे मिटूनच ठेवले. शेवटच्या झटक्याबरोबर मानेत कळ आली आणि खोलीत कोणी नव्हतं.

४

श्याओमान सुट्टी लागली म्हणून तालुक्याच्या शाळेतून घरी आली. पोरगी सरळ, बोलायला फटकळ, पुढे शहरात जाऊन नर्स व्हायचं ठरवलेली. केस कापायच्या रिवाजाला ती हसेल असं लीयुनला वाटलं होतं. ती हसली नाही. "आज्जीला शब्द दिलाय," एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात ओढ्यावरचा खेळ होता. महिन्यातून एकदा बायका लाल जाकिटं घालून ओढ्याच्या काठाने ओळीत उभ्या राहात, कमरेत वाकत आणि केस पुढे घेऊन पाण्यात सोडत. पाहुणे पुलावरून बघत. भर दुपारचं ऊन, पाणी असं स्वच्छ की तळचे गोटे मोजावेत. लीयुन पहिल्या रांगेत, टोकाला. तिच्या उजव्या हाताला हुइझन मावशीची सून. डाव्या हाताला कोणी नाही, नुसता काठ.

ती वाकली. वाकलेल्या बाईला फक्त स्वतःच्या केसांच्या आतला अंधार दिसतो आणि खाली पाण्याचा तुकडा. वर मावशीने गाणं लावलं. लीयुनने हात पाण्यात घातले आणि केस चोळू लागली. तिला जाणवलं की डावीकडून तिचे केस कोणीतरी धरलेत.

सुनेची गंमत असेल. पण सून उजवीकडे होती.

तिने केसांच्या फटीतून बघितलं. पाण्यात चार हात होते. दोन तिचे, लाल पडलेले. दोन म्हाताऱ्या बाईचे, पाण्याने सुरकुतलेले, सवयीने काम करणारे. ते तिच्या केसांची टोकं तळव्यांत घेऊन चोळत होते, पिळत होते, पुन्हा सोडत होते. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध फाटलेलं होतं. भात कापताना विळा लागून फाटलेलं ते नख लीयुनने जन्मापासून बघितलं होतं.

घाई नव्हती त्या हातांना. राग तर अजिबात नव्हता. हेच तिला सहन होईना. आई आपले केस धूत होती. जिथे केस होते तिथे ती आली होती, रोज येत होती, तिच्या दृष्टीने त्यात वावगं काहीच नव्हतं.

"लीयुन, उठ गं," मावशी ओरडली. "गाणं संपलं. एवढं काय घासतेस?"

ती सरळ झाली. डावीकडे काठ होता आणि काठावर ऊन. पुलावर माणसं टाळ्या वाजवत होती.

५

दुसऱ्या दिवशी तिने आईचं गुंतवळ पिशवीत घातलं आणि एकटीच वर थडग्याकडे गेली. उशाकडच्या बाजूला विळ्याने हातभर खड्डा केला, पेड त्यात ठेवला, माती लोटली, वर दगड ठेवला. "चुकलं माझं," ती म्हणाली. "आता झालं ना? घे तुझं तुला." उतरताना तिला सहा महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

सकाळी फणी ओली होती.

मग तिने आरसा खिडकीत टेकवला आणि डोक्याकडे नीट बघितलं. डोक्यावरचे केस मांड्यांच्या खाली गेले होते. तिने अठराव्या वर्षी कापलेला पेड सोडला. हा तिचा स्वतःचा, हातभर लांब, एकोणतीस वर्षं तेवढाच असलेला. तो जमिनीला टेकला. कापलेला केस वाढत नसतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. लीयुनने तो गुंडाळून ठेवला. डोक्यावर तिचं स्वतःचं असं काय उरलं होतं, तेच तिला कळेना.

कात्री घेऊन सगळं उतरवावं असंही तिला वाटलं. पण मग आई केस शोधत फिरली असती. आणि या घरात लांब केसांचं दुसरं डोकं एकच होतं.

याच घरात आता चार दिवसांनी केस कापायचे होते. त्यात कात्री महत्त्वाची नसते, गाठ महत्त्वाची. मुलीचा कापलेला पेड मुळाशी बांधताना त्यात आईच्या गुंतवळातले चार केस गुंफायचे. आईला आज्जीशी, आज्जीला पणजीशी असंच बांधत आलेले. ती गाठ जन्मभर सुटत नाही. लीयुनच्या पिशवीत हिवाळ्यापासूनचं गुंतवळ होतं, आणि त्यातला एकूणएक केस, आधीचे करडेसुद्धा, आता काळा आणि पायापासून खांद्यापर्यंत लांब झाला होता. तो श्याओमानच्या गाठीत गेला की फणी तिच्याही डोक्यावरून फिरणार. शहरात, होस्टेलच्या खोलीत, नवऱ्याच्या शेजारी. पोरीने रोज पहाटे मानेच्या कळेने उठायचं, मरेपर्यंत.

"श्याओमान," लीयुनने हाक मारली. "जरा माझ्या डोक्यात बघ. पांढरा केस दिसतो का?"

"आता कसले पांढरे? मावशी सगळीकडे सांगत सुटलीय, मूळ खा, लीयुनसारखे केस होतात."

"बघ तर. एक जरी सापडला तरी मला सांग. उपटू नकोस."

श्याओमान तिच्या मागे बसली आणि शोधू लागली. भांग, कानांमागे, कपाळ, मानेवरची बारीक लव. माकडं एकमेकांच्या उवा बघतात तशा दोघी ऊन कलेपर्यंत बसल्या. सहा वर्षं लीयुनने एकेक पांढरा केस वैऱ्यासारखा शोधला होता. आता ती एका पांढऱ्या केसासाठी मनातल्या मनात विनवण्या करत होती.

"एकही नाही गं आई," श्याओमान म्हणाली. मग तिचा हात थांबला. "केवढे थंड आहेत तुझे केस."

लीयुन त्या संध्याकाळी मावशीकडे गेली. सगळं सांगायचं ठरवून गेली होती. तोंडातून निघालं ते एवढंच. "मावशी, समज एखादीकडे आईचं गुंतवळच नसेल, तर मुलीचा पेड कशाने बांधायचा?"

"नसेल म्हणजे? आई आहे तर गुंतवळ आहे."

"नसेलच तर."

मावशी शेंगा सोलत होती. "आई बाळंतपणात मेली, दूर गेली, नाहीशी झाली, तर लाल दोऱ्याने बांधतात. माझ्या बघण्यात दोनदा झालंय. पोरकीचा पेड. सगळं आवार रडतं तेव्हा." तिने वर बघितलं. "हे का विचारतेस?"

"सहज."

"तुझी तब्येत बरी नाही. काळजी घे. केस सुंदर झाले, तोंड मात्र उतरलं बघ."

६

सहाव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी गावाने लाल जाकिटं उन्हात घातली होती. प्रत्येक घराच्या सज्ज्यावर लाल रांग. लीयुनच्या मधल्या खोलीत अकरा बायका जमल्या होत्या. आगटीवर तेलचहा उकळत होता, चिकट भाताचे गोळे पानांत बांधून तयार होते. श्याओमान मधोमध पाटावर बसली होती, केस मोकळे, ओठ घट्ट मिटलेले. पोरगी घाबरली होती आणि ते कोणाला दिसू नये म्हणून भुवया ताणून बसली होती.

मावशीने कात्री चालवली. एवढे दाट केस कापताना गवत कापल्यासारखा आवाज होतो. पेड सुटला, मावशीने तो दोन्ही हातांवर घेतला आणि बायकांनी गाणं म्हटलं. श्याओमानच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आण गं गुंतवळ," मावशी म्हणाली.

लीयुन आतल्या खोलीत गेली. पिशवी खाटेवर होती. तिने ती उघडली, बंद केली. बाहेर बायका थांबल्या होत्या. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं, खाटेवरच्या चादरीची शिवण दिसत होती. तिच्या मागे फळ्यांची जमीन करकरली आणि अंबाडा आपोआप सैल झाल्यासारखा वाटला. फणी टाळूवर टेकली.

"आता नको," लीयुन हळूच म्हणाली. "लेकीचं काम आहे."

फणी थांबली नाही. आई जराशी पुढे वाकली असावी, कारण लीयुनच्या डाव्या खांद्यावरून एक पेड घसरून पुढे आला आणि तिच्या छातीवर पडला.

तो करडा होता. वर सहा वर्षांचा करडा थर, आत काळा, माती लागलेला. तिचं स्वतःचं गुंतवळ. तिने ते आईच्या अंबाड्यात ज्या हातांनी दाबलं होतं त्याच हातांजवळ ते आता लोंबत होतं. चार दिवस तिने ज्याच्यासाठी डोकं उलटंपालटं केलं ते इथे होतं. नुसते चार केस ओढायचे. केस तिचेच. गाठ बांधली की श्याओमान आईची लेक, रिवाजाप्रमाणे, सगळ्या गावासमोर.

मागे कोणीतरी वाट बघत होतं. कदाचित आई ते तिला देऊही करत असेल. लीयुनला ते कळलं नाही, आणि वळून बघायचा धीर तिच्यात नव्हता. तिने हात उचलला. केसांना ओल्या मातीचा वास येत होता. हे केस सहा महिने ज्या डोक्यावर होते त्या डोक्याचे झाले नसतील कशावरून? तिच्या डोक्यावरचे तरी कुठे तिचे राहिले होते?

तिने हात खाली घेतला. पिशवी खाटेवरच ठेवली. बाहेर आली तेव्हा तिचा अंबाडा सुटून केस पाठीवर, जमिनीपर्यंत आले होते. बायकांनी ते बघितलं आणि एक-दोघी कौतुकाने काही बोलल्या.

"मावशी, लाल दोरा घ्या."

"काय?"

"पेड लाल दोऱ्याने बांधा. माझं गुंतवळ नाहीये."

आगटीवरचा चहा उतू गेला तो कोणी बघितला नाही.

"वेडबिड लागलंय का तुला?" मावशी म्हणाली. "आई समोर उभी असताना पोरकीची गाठ? हिच्या जन्माला डाग लागेल तो."

"लागू दे. माझ्यातलं काही हिला लागायला नको."

"आई," श्याओमान म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "मी काय केलं? शहरात जातेय म्हणून का?"

लीयुनला तिला जवळ घ्यायचं होतं. पण तिच्या पाठीमागे, केसांच्या टोकांपाशी, फणी फिरायला लागली होती, आणि ती एक पाऊल जरी पुढे गेली असती तरी ती फणी तिच्याबरोबर लेकीपर्यंत आली असती. म्हणून ती जागची हलली नाही. "तू काही नाही केलंस, बाळा," ती म्हणाली. "काहीच नाही."

मावशीने बराच वेळ तिच्याकडे बघितलं. तिच्याकडे, आणि मग तिच्या खांद्यामागे. मावशीच्या तोंडावरचा राग कुठे गेला ते कळलं नाही. तिने पेटीतून लाल दोरा काढला, पेडाच्या मुळाशी तीन वेढे घेतले आणि गाठ मारली. गाठ बसली तेव्हा दोन-तीन बायका तोंडाला जाकिटाची बाही लावून रडायला लागल्या, मयताच्या घरात रडतात तशा. श्याओमानने पेड कुशीत घेतला. आईकडे न बघता ती मावशीचा हात धरून बाहेर गेली.

"चला सगळ्या," मावशी दारातून म्हणाली. "भात माझ्याकडे खाऊ. आज पोरगी माझ्याकडेच झोपेल."

जिन्यावर पावलं वाजली, मग अंगणात, मग वाटेवर. अंगणात बसलेला रुंगफाही त्यांच्या मागे गेला. श्याओमानचं रडणं थोडा वेळ ऐकू येत राहिलं आणि वळणानंतर थांबलं. पोरीच्या डोक्यावर आता कोणाचंही काही नव्हतं.

लीयुन आगटीपाशी पाटावर बसली, दाराकडे पाठ करून. मडक्याचं झाकण कोणीतरी काढलं. पाणी ओतल्याचा आवाज झाला आणि गार धुवण तिच्या मानेवरून पाठीत उतरलं. ती इतकी दमली होती की दचकलीसुद्धा नाही. फणी टाळूपासून निघाली, टोकापर्यंत गेली, तिथे तो बारीक झटका बसला.

"हळू ओढ ना गं आई," ती म्हणाली. "मान दुखते."

आणि फणी हळू झाली.